इतर

गेल्या महिन्यात वहिनींना घेऊन तालुक्याला गेलो होतो. वहिनी म्हणजे फौजेतल्या माझ्या सेक्शनमधल्या जोडीदाराची बायको. जोडीदार कोरेगावच्या बाजूचा. जाफन्यात पडला, त्याला अडतीस वर्षं झाली. कुठल्याशा योजनेसाठी नवा फॉर्म भरायचा होता आणि असल्या कामाला वहिनी मला बोलावतात. जुने कागद त्यांनी साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत घालून, पिशवीला दोन गाठी मारून आणले होते. पेन्शनचं पुस्तक, पलटणीनं पाठवलेलं पत्र, पदकाची पावती, आणि का कोण जाणे, लग्नातला एक फोटो.

फॉर्मवर एक रकाना होता. कोणत्या युद्धात वीरमरण आले? त्यापुढे चौकोन: 1962, 1965, 1971, कारगिल, इतर.

खिडकीमागच्या मुलानं पेन उचललं. "काका, कुठलं?"

"ऑपरेशन पवन. श्रीलंका."

त्याचं पेन थांबलं. "श्रीलंकेशी आपलं युद्ध झालं होतं?"

पोरगा चांगला होता. त्याच्या बोलण्यात हेटाळणी नव्हती, त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पंचविशीचा असेल, म्हणजे आम्ही परत आलो त्यानंतर दहा वर्षांनी जन्मलेला. त्याच्या शाळेच्या पुस्तकात ते कधी आलंच नसणार. "नाही बाळ, श्रीलंकेशी नाही," एवढं म्हणालो आणि पुढे काय सांगावं ते मला सुचेना. मागे रांग होती. त्यानं ‘इतर’वर टिक केली आणि शिक्का मारला.

एसटीत खिडकीशी बसल्यावर वहिनींनी विचारलं, "भावजी, इतर म्हंजी काय वो?"

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतला. 1979 मध्ये बेळगावच्या सेंटरला भरती झालो, सुभेदार होऊन 2003 मध्ये घरी आलो. वर्दीत असताना राजकारणावर बोलायचं नसतं, तसा कायदाच आहे आणि तो योग्य आहे असं मी आजही मानतो. पण वर्दी उतरवली की माणूस नागरिक होतो, मत मांडतो, विचारू शकतो. गेली वीस वर्षं मी वाचतोय. गावच्या वाचनालयात जे मिळालं ते, नातवानं मोबाइलवर काढून दिलं ते. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या एसटीत देता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

29 जुलै 1987. कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. करारात असं होतं की तमिळ लढवय्यांनी शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंकेच्या सैन्यानं बराकीत जायचं, उत्तर आणि पूर्व प्रांत एकत्र करून तमिळांना स्वतःचं प्रांतिक सरकार मिळायचं, आणि गरज पडली तर शांतता राखायला भारताची फौज यायची. दुसऱ्या दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकानं आपल्या पंतप्रधानांवर बंदुकीचा दस्ता उगारला, खांद्यावर मारही बसला. त्याच सुमाराला आपली विमानं जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर उतरायला लागली होती.

आम्ही उतरलो तेव्हा लोकांनी हार घातले. हे मी ऐकीव सांगत नाही. तांबड्या मातीच्या रस्त्यावर, ताडाच्या झाडांखाली बायाबापड्या उभ्या होत्या. एका म्हातारीनं माझ्या कपाळाला विभूती लावली. आमच्याकडे तेव्हा शांतिसेनेचा बिल्ला होता, जड एसएलआर रायफली होत्या आणि कंपनीला मिळून एक जुना नकाशा, ज्यावर अर्धे रस्ते नव्हतेच. कशाला लागतात रस्ते, असं वाटायचं. आपण भांडण सोडवायला आलोय.

दोन महिन्यांत सगळं फिरलं. सप्टेंबरात एलटीटीईचा, म्हणजे तमिळ वाघांच्या संघटनेचा, तिलीपन नल्लूरच्या देवळाजवळ उपोषणाला बसला आणि 26 सप्टेंबरला गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांची माणसं श्रीलंकेच्या नौदलानं पकडली, त्यातल्या बऱ्याच जणांनी पलालीतच सायनाइड खाल्लं. 10 ऑक्टोबरनंतर आम्हाला हुकूम आला की जाफना घ्यायचं. चार दिवसांचं काम आहे, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. पलालीपासून जाफना शहर वीस किलोमीटरसुद्धा नाही. ते अंतर कापायला दोन आठवडे लागले.

11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं जवान उतरवले. शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तेराव्या बटालियनची एक तुकडी उतरली, तीस जवानांची. पुढच्या हेलिकॉप्टरांना गोळीबारामुळे उतरता आलं नाही. त्या तिसांपैकी एक कैदी म्हणून जिवंत राहिला, बाकी एकोणतीस तिथेच गेले. मी वायरलेस ऑपरेटर. आमच्या लोकांत त्या रात्रीची गोष्ट पुन्हा पुन्हा निघते ती एकाच जागी येऊन थांबते, त्यांचा सेट बंद झाला तिथं. ज्यानं पाठीवर सेट वागवलाय त्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पलीकडून ‘ओव्हर’ येत नाही. नुसती खरखर येते. तुम्ही हाक मारत राहता.

थोड्या दिवसांत आमच्या लक्षात आलं की ते आमचं बोलणं ऐकतात. हिंदी कळणारी माणसं त्यांच्यात होती. तेव्हा आमचे कंपनी कमांडर, स्वतः पंजाबी माणूस, म्हणाले की आजपासून सेटवर मराठी, आणि तीही गावाकडची. मग आम्ही शब्द ठरवले. काडतुसं म्हणजे शेंगा. पाणी म्हणजे ताक. जखमी झाला तर पाय मुरगळला. आणि कुणी गेला तर, पाहुणा गावाला गेला.

जोडीदार गेला तो उरुंपिराई गावाच्या पुढे. केळीच्या बागेतून एक कच्चा रस्ता जात होता, दोन्ही बाजूंना ताडाच्या झावळ्यांची कुंपणं. रस्त्यात जेरीकॅन पुरलेला होता, त्यात सुरुंगाची दारू भरलेली, आणि वायर कुंपणाच्या आतून दूर कुठंतरी नेलेली. पहिली दोन माणसं पुढे गेली. तिसरा तो. मी त्याच्यामागे पंधरा पावलांवर. स्फोट झाल्यावर मला काही मिनिटं ऐकूच आलं नाही. मग सेटवर मीच बोललो, कारण सेट माझ्याकडे होता. "शेंगा पाठवा. तिघांचे पाय मुरगळलेत. एक पाहुणा गावाला गेला." त्यानंतर माझ्या घरात कुणी सहज जरी म्हणालं की पाहुणे गावाला गेले, तरी मी उठून बाहेर जातो. बायकोला माहीत आहे. ती दुसरे शब्द वापरते.

आता ज्या प्रसंगानं माझं राजकारणाकडे बघणं बदललं तो सांगतो. नोव्हेंबर उजाडला होता. झडतीत एक पोरगा सापडला, असेल बावीस-तेवीस वर्षांचा, लुंगी नेसलेला, हडकुळा. गळ्यात सायनाइडची कॅप्सूल नव्हती. आमच्या हवालदारानं त्याला भिंतीशी उभं केलं आणि सवयीनं जोरात म्हणाला, "सावधान!" पोरानं टाचा जुळवल्या. हात मांडीच्या शिवणीला, मुठी वळलेल्या, नजर सरळ समोर. जशी बेळगावच्या मैदानावर आमची घोटून घेतली होती, तशीच. हवालदार दोन पावलं मागे सरकला. मग त्यानं हिंदीत विचारलं, कुठं शिकलास? पोरगा म्हणाला, "देहरादून."

त्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. 1983 च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल झाली, त्यानंतर भारतानं तमिळ गटांच्या पोरांना आणून शिकवलं. एकट्या एलटीटीईला नव्हे, टेलो, ईपीआरएलएफ, इतर गटांनाही. तामिळनाडूत शिबिरं होती, उत्तरेत देहरादूनच्या बाजूलाही होती. हे आता सरकारी चौकशीच्या अहवालातही आलंय, गुपित राहिलेलं नाही. इंदिराजींच्या काळात ते सुरू झालं, राजीव गांधींच्या काळात चालू राहिलं. तामिळनाडूचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी एलटीटीईला पैसे दिले. जयवर्धने अमेरिकेकडे झुकत होते, त्रिंकोमालीच्या बंदरावर परक्यांची नजर होती, तामिळनाडूत लोक पेटलेले होते. दिल्लीला दबाव हवा होता. ही कारणं खोटी नव्हती. मी त्या वेळी दिल्लीत खुर्चीवर असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो, आणि उत्तर सोपं नाही हे मान्य करतो.

पण ज्यांना एका हातानं शिकवलं, त्यांच्यापुढे दुसऱ्या हातानं आम्हाला उभं केलं, आणि मधल्या काळात ही पोरं काय करू शकतात याचा अंदाज आम्हाला कुणी दिला नाही. ज्यांनी त्यांना सुरुंग लावायला शिकवलं ते आपलेच होते. त्यांना एकदा विचारलं असतं तरी उरुंपिराईच्या रस्त्यावर आम्ही एकामागे एक चाललो नसतो.

नंतर त्या पोराला मागे पाठवलं. त्याचं काय झालं कळलं नाही.

25 नोव्हेंबरच्या रात्री मेजर रामस्वामी परमेश्वरन गेले. आठव्या महार पलटणीचे, मुंबईचे, शीवच्या कॉलेजात शिकलेले. कांतारोडईच्या बाजूला झडती संपवून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं, आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. ऑपरेशन पवनमधलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. महार रेजिमेंटच्या लोकांना ते नाव पाठ आहे. मराठ्यांची जंगी पलटणही त्या मोहिमेत होती. म्हणजे महाराष्ट्राच्या कितीतरी घरांत ही गोष्ट चुलीपर्यंत पोहोचलेली आहे, तरी महाराष्ट्राच्या बोलण्यात ती नाही. कारगिलचा दिवस आम्ही साजरा करतो, 16 डिसेंबर साजरा करतो. पवनचा दिवस कोणता, हे मी गावात दहा जणांना विचारलं तर एकही सांगणार नाही.

एकूण अकराशेहून जास्त जवान गेले. तीन हजारांहून जास्त जखमी झाले. ऐन भरात चार डिव्हिजन, सत्तर हजारांहून अधिक फौज तिथं होती. कारगिलमध्ये आपली पाचशेहून अधिक माणसं गेली. मी मेलेल्यांची तुलना करत नाही, कारगिलच्या पोरांनी जे केलं त्यापुढे मान झुकवतो. पण आकडा बघा आणि मग तो फॉर्म बघा.

1989 च्या जानेवारीत श्रीलंकेत प्रेमदासा अध्यक्ष झाले. जूनमध्ये त्यांनी आम्हाला निघून जायला सांगितलं. त्यांच्या सरकारनं त्याच एलटीटीईला शस्त्रं दिली, आणि ती शस्त्रं आमच्यावर आणि आमच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या तमिळांवर चालली. इकडे निवडणूक झाली, राजीव गांधी हरले, डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंग आले. फौज परत आणायचा निर्णय झाला, आणि तो निर्णय बरोबरच होता. 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला जहाज लागलं तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की या सैन्यानं तमिळांना मारलंय.

आमची पलटण त्याआधीच परतली होती, मी सुट्टीवर गावी होतो. संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्यांत ऐकलं. वडील शेजारी बसले होते, तंबाखू मळत. ते म्हणाले, "कामावरनं आल्यावर बैलालाबी हात फिरवत्यात." एवढंच म्हणाले.

त्या मुख्यमंत्र्यांचा मला वर्षानुवर्षं राग होता. आता तसा नाही. ते अगदीच खोटं बोलत नव्हते. 21 ऑक्टोबर 1987 ला, ऐन दिवाळीत, आपले जवान जाफन्याच्या मोठ्या इस्पितळात शिरले. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मिळून साठाहून अधिक माणसं तिथं मेली. आपल्या बाजूनं सांगण्यात आलं की आतून गोळीबार झाला, ते चकमकीत सापडले. वाचलेल्यांनी वेगळं सांगितलं. मी त्या ठिकाणी नव्हतो. पण त्या आठवड्यात आम्ही सगळेच कशा अवस्थेत होतो ते मला ठाऊक आहे. सुरुंगात जोडीदार गेलेला, झोप नाही, प्रत्येक कुंपणामागे वायर दिसायची. मला विभूती लावणाऱ्या म्हातारीसारखीच कुणी त्या इस्पितळात खाटेवर असेल. चौकशी मागणारा मी, ती चौकशी आमच्या दारातही यावी असं म्हणतो. हिशेब मागायचा तर पूर्ण मागायचा.

आणि इथंच देशाच्या राजकारणाबद्दल मला जे म्हणायचंय ते येतं. आपल्याकडे सैन्य परदेशात पाठवायला संसदेची मंजुरी लागत नाही. घटनेत तशी अट नाही. सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे, निर्णय मंत्रिमंडळाचा. 1987 मध्ये तसंच झालं. मग नंतर तरी सांगायला हवं होतं की उद्दिष्ट काय होतं, ते कधी बदललं, कुणी बदललं. आमच्या डिव्हिजनचे मेजर जनरल हरकिरत सिंग यांनी निवृत्तीनंतर लिहिलंय की सप्टेंबर 1987 मध्ये एलटीटीईचा म्होरक्या प्रभाकरन बोलणी करायला येईल तेव्हा त्याला पकडा किंवा गोळी घाला, असं कोलंबोतले आपले उच्चायुक्त दीक्षित यांनी त्यांना सांगितलं, आणि पांढऱ्या निशाणाखाली आलेल्यावर सैनिक गोळी झाडत नाही म्हणून त्यांनी नकार दिला. एक जनरल असं लिहितो. ते खरं की खोटं, हुकूम नेमका कुणाचा, हे फक्त कागद सांगू शकतात. कागद बंद आहेत.

आमच्याकडे कागद बंद ठेवायची रीत जुनी आहे. 1962 ला चीनसमोर पाडाव झाला, त्यानंतर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी चौकशी केली. अहवाल 1963 मध्ये दिला. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. आमच्या कऱ्हाडचे. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आमच्या पिढीनं आईच्या दुधाबरोबर घेतलंय. माझ्या घरात देवाशेजारी त्यांचा फोटो होता, अजून आहे. मोडलेलं सैन्य त्यांनी उभं केलं, 1965 ला त्याचं फळ दिसलं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्यांनीच 2 सप्टेंबर 1963 ला संसदेत निवेदन केलं की अहवाल जाहीर केला तर सुरक्षेला धोका होईल आणि जवानांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल. त्या वर्षी, युद्ध ताजं असताना, ते समजू शकतो. पण त्यानंतर साठाहून अधिक वर्षं गेली. काँग्रेस गेली, जनता आली, पुन्हा काँग्रेस, भाजप, आघाड्या, पुन्हा भाजप. विरोधात असताना मागायचा आणि सत्तेत आल्यावर कपाटात ठेवायचा, असं त्या अहवालाचं झालं. 2014 मध्ये एका परदेशी पत्रकारानं त्याचा काही भाग बाहेर काढला. आपल्या युद्धाबद्दल आपल्याला त्याच्याकडून वाचावं लागलं.

मनोधैर्याचं मी सांगतो. मी चोवीस वर्षं जवानांत राहिलोय. खरं कळल्यानं कुणाचं धैर्य खचलेलं मी पाहिलं नाही. चुलते 1965 च्या लढाईत होते. काश्मीरमधल्या खिंडीतलं हाजीपीर घेतलं तेव्हा आपल्या पलटणी कशा चढल्या ते रंगवून सांगायचे, आणि पुढच्याच जानेवारीत ताश्कंदच्या करारात ते पाकिस्तानला परत दिलं, तिथं आले की गप्प व्हायचे. का दिलं हे त्यांना कुणी समजावलं असतं तर कदाचित पटलंही असतं. तडजोडीत द्यावं लागतं हे शेतकऱ्याला कळतं. न सांगता हातातून काढून घेतलं, हे त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं.

होऊ शकत नाही असं नाही. कारगिलनंतर 29 जुलै 1999 ला सरकारनं के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बघा, तीच 29 जुलै, बारा वर्षांनी. त्यांचा अहवाल काही भाग झाकून का होईना, 2000 मध्ये संसदेत ठेवला गेला. त्यातून गुप्तचर यंत्रणेत बदल झाले, पुढे संरक्षण दल प्रमुखपदाच्या चर्चेला बळ मिळालं, ते पद 2020 ला प्रत्यक्षात आलं. म्हणजे चूक उघड केली म्हणून सैन्य कोसळलं नाही, उलट शहाणं झालं.

मग पवनसाठी समिती का नाही? 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. ज्या पोरांशी आम्ही लढलो त्यांच्याच संघटनेनं केली. पंतप्रधान राहिलेल्या माणसाचं शरीर ओळखू येईना, ती बातमी ऐकली त्या दिवशी आमच्या बराकीत कुणी जेवलं नाही. ज्यानं आम्हाला पाठवलं त्यानं स्वतःच्या जिवानं किंमत मोजली, हे मी कधी विसरत नाही आणि म्हणून त्यांच्याबद्दल वाईट बोलणाऱ्याला थांबवतो. त्या हत्येच्या कटाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती जैन आयोग नेमला. 1997 मध्ये त्याचा अंतरिम अहवाल फुटला, काँग्रेसनं पाठिंबा काढला आणि गुजराल सरकार पडलं. बघा, श्रीलंकेच्या प्रश्नावर दिल्लीचं एक सरकार पडू शकतं. एवढी ताकद त्या प्रश्नात होती. पण अकराशे जवान कशासाठी गेले, यावर एकही सरकार हललंसुद्धा नाही. एका पक्षानं पाठवलं म्हणून तो बोलत नाही, दुसऱ्यानं परत आणलं म्हणून तो बोलत नाही, तिसऱ्याचे तामिळनाडूत मित्रपक्ष असतात म्हणून तो बोलत नाही.

त्या कराराचं सगळंच वाया गेलं असंही नाही, आणि हेही आम्हाला कुणी सांगितलं नाही. श्रीलंकेच्या राज्यघटनेत 13 वी दुरुस्ती झाली, प्रांतिक परिषदा आल्या. अर्ध्यामुर्ध्या असतील, पण आजही तिथले तमिळ हक्क मागताना त्याच दुरुस्तीकडे बोट दाखवतात. मला हे वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात कळलं, निवृत्तीनंतर. वहिनींना जाऊन सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या लोकांस्नी ठावं हाय का?"

तिथं निदान दगड आहे. कोलंबोजवळ त्यांच्या संसदेच्या परिसरात आपल्या शांतिसेनेचं स्मारक श्रीलंकेनं बांधलं, नावांसकट. 2015 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं. दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक झालं ते 2019 ला. ज्या भूमीत गेलो तिथं आमची नावं आधी कोरली गेली, आणि स्वतःच्या राजधानीत नंतर.

गावात पोरं कधीकधी म्हणतात, सुभेदार, हे सगळे पुढारी घालवून देश मिलिटरीच्या ताब्यात द्या. मी त्यांना कट्ट्यावर बसवून घेतो. शेजारच्या देशात काय झालं ते सांगतो. जनरलनं देश चालवला की मग जनरलला जाब विचारायला कुणी उरत नाही. हुकूम निवडून दिलेल्यांचाच चालला पाहिजे, हे मी शपथ घेतली तेव्हाही मानत होतो. पण ज्याचा हुकूम, त्याचाच हिशेब. शेतात सालगडी ठेवला आणि त्याला बांधावरच्या सापाशी झुंजायला लावलं, तर मालकानं संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगायला लागतं काय झालं ते. तेवढं साधं आहे हे.

2021 च्या जूनमध्ये संरक्षण मंत्रालयानं युद्ध आणि मोहिमांचे कागद खुले करण्याचं धोरण मंजूर केलं. पंचवीस वर्षं झालेल्या कागदांची छाननी करून ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायचे, आणि मोहीम संपल्यावर पाच वर्षांत तिचा इतिहास लिहून काढायचा. 1990 मध्ये पंचवीस मिळवा. 2015 होतात.

म्हणून मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलंय. मराठीत, दोन पानं. नातवानं टाइप केलं. पवनचा अधिकृत इतिहास त्या धोरणाप्रमाणे जनतेपुढे कधी येणार, हा प्रश्न लोकसभेत विचारा, एवढीच मागणी आहे. खाली तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या सह्या घेत होतो. तेवीस झाल्या.

परवा वहिनी भाकरी-पिठलं घेऊन आल्या आणि पत्र टेबलावर दिसलं. वाचून दाखवायला सांगितलं. जाफन्याचं नाव आलं तिथं त्यांनी मला थांबवलं, तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "भावजी, मीबी करू का सही?"

सह्या माजी सैनिकांच्या आहेत, असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही. पेन दिलं. त्यांनी चष्मा लावला, पदराला हात पुसले, आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिलं. आधी स्वतःचं, मधे त्याचं, मग आडनाव.